चिंगीचा किडा आणि टीं टीं डबा

भिंतीवर एक पाल होती. इवलीशी. नाव तिचं चिंगी.

वर ट्यूबलाइटपाशी राहायची ढबू पाल. उजेड ढबूचा. किडेही ढबूचे. कोणी जवळ गेलं की ढबू अंगावर धावून यायची. चिंगी खालून बघायची आणि जळायची.

पण चिंगीचा एक पडदा होता. बाबांच्या कॉम्प्युटरचा. संध्याकाळी बाबा बटण दाबायचे. पडदा उजळायचा. एक किडा यायचा. चिंगी करायची गट्टम.

एकदा काय झालं? बाबांनी बटण दाबलं. टिक्. कॉम्प्युटरचा डबा ओरडला, "टीं टीं टीं." पडदा काळाच. किडा आला, फिरला आणि भुर्रकन वर गेला.

चिंगीचा किडा ढबूने खाल्ला.

बाबांनी डबा उघडला. "आतली पट्टी मळलीय, घासायला हवी. खोडरबर कुठं गेला?" बाबा रबर शोधत बसले. चिंगी काही थांबली नाही. पोटात भूक. निघाली सुळुक सुळुक.

"पडदेदादा, पडदेदादा, उजळ ना. मला किडा मिळेना."

"सगळे त्या डब्याकडेच बघतात. आधी डब्याने उठावं, मग मी उजळेन."

सुळुक सुळुक.

"डबेकाका, डबेकाका, उठा ना. पडदा उजळेना, मला किडा मिळेना."

"टीं टीं टीं. माझ्या पोटातली पट्टी रुसलीय. आधी पट्टीने बोलावं, मग मी उठेन."

सुळुक सुळुक.

"पट्टीताई, पट्टीताई, बोल ना. डबा उठेना, पडदा उजळेना, मला किडा मिळेना."

"पडद्याला रोज पुसतात. मला पुसतं का कोणी? आधी रबराने घासावं, मग मी बोलेन."

रबर होता रेवाच्या मुठीत. रेवा बाबांची लेक. बसली होती कोपऱ्यात, गाल फुगवून.

सुळुक सुळुक.

"रबरभाऊ, रबरभाऊ, घास ना. पट्टी बोलेना, डबा उठेना, पडदा उजळेना, मला किडा मिळेना."

"पेन्सिलीला छान टोक काढतात. मला मुठीत कोंडतात. आधी रेवाने सोडावं, मग मी घासेन."

"रेवाताई, रेवाताई, सोड ना. रबर घासेना, पट्टी बोलेना, डबा उठेना, पडदा उजळेना, मला किडा मिळेना."

"आईच्या मांडीवर बाळच. सारखं आपलं बाळच. आधी आईने घ्यावं, मग मी सोडेन."

सुळुक सुळुक.

"आई आई, रेवाला घ्या ना. रेवा सोडेना, रबर घासेना, पट्टी बोलेना, डबा उठेना, पडदा उजळेना, मला किडा मिळेना."

"बाळ रडतंय गं. आधी बाळाने हसावं, मग मी घेईन."

"बाळा बाळा, हस ना. आई घेईना, रेवा सोडेना, रबर घासेना, पट्टी बोलेना, डबा उठेना, पडदा उजळेना, मला किडा मिळेना."

बाळ म्हणालं, "आँ आँ."

आता मात्र चिंगी चिडली. शेपटी वळवळली. "चुक चुक चुक."

पाल चुकचुकली की आई काय करते? जमिनीवर वाजवते, टक टक टक. म्हणते, "कृष्ण कृष्ण."

चुक चुक चुक. टक टक टक.

बाळ थांबलं. बाळाने बघितलं. खी खी खी.

बाळ हसलं. आईने एक मांडी मोकळी केली आणि रेवाला घेतलं. रेवाने रबर सोडला. बाबांनी उचलला. रबराने घासलं, खस खस खस. पट्टी बोलली. डबा उठला. एकदाच म्हणाला, "टीं."

पडदा उजळला.

आणि किडा आला. गुबगुबीत. चिंगीने धरला तोंडात.

वरून ढबूने मान वाकडी केली. "चिंगे, तुझा किडा केवढा गं मोठा. माझे सगळे बारके."

चिंगीला खूप बोलायचं होतं. पण बोलणार कशी? तोंडात किडा होता. मग केला गट्टम.

चिंगीचं पोट भरलं, गोष्टीने डोळे मिटले.