विहिरीत पडलेली हरिणी

जंगलातला सगळा कागद वाळवीने फस्त केला, त्यानंतरची गोष्ट. वाचनवेडे साळिंदरभाऊ रोज मुंगूसशेठच्या दुकानात येत. तिथे दोन ई-रीडर शेजारी शेजारी मांडलेले होते. दोन्हींवर एकाच कादंबरीचं पहिलं पान दिसे. ई-रीडर विकत घेतल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. भाऊ बोट टेकवून अक्षरं मोठी करत, लहान करत, उन्हात धरून बघत आणि "उद्या ठरवतो" म्हणून घरी जात.

असं वर्ष गेलं. काच पुसता पुसता शेठनी ते पान एकदाच वाचलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "भाऊ, ती हरिणी विहिरीतून वर येईल का हो?"

"कुठली हरिणी?" भाऊंनी दोन्ही पडदे निरखून पाहिले. "हां, ही होय. डावीकडच्यात जरा ठळक पडलीय."