राणीने कापू न दिलेलं गवत

लहानांनो ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा कान द्या. खूप जुन्या काळी एक राज्य होतं. पाऊस तिथे घाईतल्या पाहुण्यासारखा यायचा आणि गूळपाणीही न घेता निघून जायचा.

राजवाड्याच्या बागेत गुलाब लावले, ते वाळले. जाई लावली, तीही गेली. मग राजकन्येने माळावरचं एक गवत आणून लावलं. पुरुषभर उंच, वर चंदेरी तुरे. पंधरा दिवसांनी घागरभर पाणी मिळालं तरी खूश. पुढे राजकन्या लग्न होऊन दूरदेशी गेली, आणि राणीचा सगळा जीव त्या गवतात जाऊन बसला.

फाल्गुनात म्हातारा केरू माळी विळा घेऊन आला. दरवर्षी तो वीतभर बुंधे ठेवून ते गवत कापून काढी. यंदा राणी आडवी आली.

"केरूबाबा, माझ्या लेकीने लावलंय ते. एक पातंही तोडायचं नाही."

"राणीसाहेब, जुनं काढलं नाही तर नव्याला वर यायला वाट राहायची नाही."

"लेक गेली. आता हेही कापू?"

केरूने हुकूम मानला; राणीच ती. विळा कमरेला खोचून तो घरी गेला.

पहिल्या वर्षी तुरे डुलले. दुसऱ्या वर्षी निम्मेच आले. तहानलं असेल, असं वाटून राणीने रोज घागरी ओतायला लावल्या. आता काय म्हणावं! तिसऱ्या वर्षी प्रत्येक ठोंब, म्हणजे गवताचा जुडगा, मधून कुजला. हिरवी पाती उरली ती फक्त कडेला. राणीने केरूला बोलावून घेतलं.

"हे गेलं तर लेकीचं माझ्याजवळ काहीच उरणार नाही. वाचवा."

केरूने विळा तिच्याच हातात दिला. "तुम्हीच कापा."

राणी रडत रडत कापत गेली. केरूने ठोंब उकरले, कुजकं फेकलं आणि कडेची जिवंत मुळं वेगळी करून पुन्हा लावली. बारा ठोंबांतले सातच जगले. पण ऐन उन्हात त्यांना बोटभर कोंब फुटले.

पुढच्या फाल्गुनात केरू अंथरुणाला खिळलेला होता. राणी कुणाची वाट न बघता विळा घेऊन एकटीच बागेत गेली.

तर मंडळी, ज्यावर माया आहे त्याचं वाळलेलं वेळीच काढावं, नाहीतर ते आपल्या मायेनेच मरतं.