एल्डरमिलची कोरी घंटा

मंडळी, सावकाश चढा. पायऱ्या बुटक्या आहेत, पण या टेकडीवरच्या वाऱ्याचा भरवसा नाही. कुमुदिनीबाई, शाल सांभाळा हं. मागे इचलकरंजीच्या एका गृहस्थांची माकडटोपी इथून जी उडाली ती थेट नदीत. हां, पोचलो. ही बघा एल्डरमिलची घंटा.

हात लावा, कुणी रागवत नाही. आतून बाहेरून कशी गुळगुळीत आहे! एवढी पुरुषभर उंचीची घंटा, पण तिच्यावर ओतणाऱ्याचं नाव नाही, देणाऱ्याचं नाही, साधं साल नाही. आणि एकट्या घंटेचंच असं नाही. लेकी-जावयांनी गाडीतून गाव दाखवलं असेल तुम्हाला. कुठे पुतळा दिसला? चौकाला कुणाचं नाव? तुम्हाला वाटलं असेल, दीड-दोन लाख वस्तीचं गाव, आणि इथे नाव काढण्यासारखं माणूस निपजलंच नाही की काय! अहो, ढिगाने निपजली. देशभर गाजलेली गायिका इथली, चेंडूफळीतला मोठा गडी इथला, पोलिओच्या साथीत अख्खा जिल्हा पालथा घालणारी डॉक्टरीण इथली. आपल्याकडे एवढी माणसं झाली असती तर चौक कमी पडले असते. पण एल्डरमिलमध्ये नाव कोरत नाहीत, नाव पुकारतात. वर्षातून एकदा, मार्चच्या शेवटच्या रविवारी, याच टेकडीवर.

असं का, ते सांगतो. बसा त्या कठड्यावर.

दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे म्हणतात. तेव्हा हे गाव नुकतं बाळसं धरत होतं. वर टेकडीच्या उतारावर गिरणीवाल्यांची, वकिलांची घरं, आणि खाली नदीच्या वळणात मजुरांची वस्ती. तिला इथले लोक फ्लॅट्स, म्हणजे सपाटी, म्हणतात, आपण खालची आळी म्हणू. आपल्याकडे नदीला पूर येतो तो पावसाने. इथली तऱ्हा वेगळी. नदी हिवाळाभर गोठलेली असते. मार्चमध्ये ऊन तापलं की वरच्या अंगाचा बर्फ फुटतो, त्याच्या लाद्या वळणात अडकतात, पाणी तुंबतं आणि मग एकदम सुटतं. वरच्या लोकांना ते कोसभर लांबून दिसतं. खालच्या आळीला मात्र दारात आल्यावरच कळतं.

तर अशाच एका मार्चात खालच्या आळीत बारा-पंधरा माणसं गेली. त्यांत आन्टोन हॉल्वेग नावाचा ओतारी होता. जर्मन मुलखातून आलेला, घंटा ओतणं हा त्याचा पिढीजात धंदा. त्याची लेक लीना खालच्या आळीत नांदत होती, तिची पोरं काढायला तो धावला. पोरं लागली हाताला, तो नाही लागला. नदीने त्याला परत दिलंच नाही. त्यामुळे दफन नाही, कबर नाही आणि कबरीवरचा दगडही नाही.

त्याची बायको ग्रेटा. तिच्या डोळ्यांतून म्हणे टिपूस आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचा चामड्याचा एप्रन कमरेला बांधला आणि ओतशाळेची भट्टी पेटवली. बाई कामात पक्की होती, नवऱ्याच्या बरोबरीने वीस वर्षं राबलेली. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. लोकांचं काय जातंय बोलायला!

गावाने ठरवलं, टेकडीवर घंटा बांधायची. वरून पाणी दिसलं की घंटा वाजवायची, म्हणजे खालची आळी वेळेत वर येईल. काम अर्थात ग्रेटाकडे आलं. आणि मग गावातले नामांकित लोक पुढे सरसावले. गिरणीमालक सायलस व्हिटमोरने तांबं दिलं, जजसाहेबांनी कथील दिलं, वर्तमानपत्राच्या मालकाने मनोऱ्याचं लाकूड दिलं. दिलं ते चांगलंच केलं, पण प्रत्येकाचं म्हणणं एकच, नाव हवं. एकाला नाव बोटभर जाड, तर दुसऱ्याला दोन बोटं जाड. वर्तमानपत्रवाल्याला तर नावाखाली दोन ओळींचं सुभाषितही पाहिजे. म्हणजे काय, लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात ना, तशातली गत. नाव मोठं आणि भांडं छोटं!

ग्रेटाला यातला धोका कळत नव्हता असं नाही. घंटेचं अंग सगळीकडून जसं हवं तसंच असावं लागतं. उगाच जाडी वाढली की आवाज आतल्या आत बसतो. त्यातही खालचा काठ, जिथे लोलक आदळतो, त्याला ते लोक घंटेचा ओठ म्हणत. आन्टोन सांगत असे, "ओठावर काही लावायचं नाही, माशीसुद्धा बसू द्यायची नाही." हे ग्रेटाने शंभर वेळा ऐकलेलं. तरी ती नामांकितांना नाही म्हणाली नाही. कारण तिच्याही मनात एक नाव होतं. उठावाच्या नावांसाठी मेणाची अक्षरं साच्यावर बसवायची वेळ आली, तेव्हा तिने सगळ्यांना ओतशाळेबाहेर काढलं आणि नवऱ्याचं नाव स्वतःच्या हाताने बसवलं. सगळ्यांत जाड अक्षरांत, आणि नेमकं ओठावर. तिचा हिशोब साधा होता. माणसाला कबर नाही, तर नाव तरी जिथून आवाज निघतो तिथे असावं. दुःखात माणसाची विद्या कुठे जाते कोण जाणे!

घंटा ओतली, घासली, मनोऱ्यावर चढवली. दिसायला काय रुबाब! सगळं गाव बघायला लोटलं. खाली लीनाला सांगून ठेवलं होतं, दारात उभी राहा, घंटा ऐकू आली की पांढरी चादर हलव. ग्रेटाने दोर ओढला. टेकडीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली लीना दारात उभी, चादर हातात, आणि नुसती वर बघत राहिलेली. ग्रेटाने पुन्हा ओढला, पुन्हा पुन्हा ओढला. चादर काही हलली नाही.

लोक म्हणाले, वारा उलटा असेल. ग्रेटाला ठाऊक होतं, वाऱ्याचा काही दोष नाही. तिने नामांकितांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, "नावं काढावी लागतील. सगळी."

व्हिटमोर उसळला. "सगळी म्हणजे? ओठावरचं ते जाडजूड नावसुद्धा?"

ग्रेटाने छिनी, हातोडी, कानस घेतली आणि मनोऱ्यावर चढली. आधी नवऱ्याचं नाव काढलं. असं सांगतात की तिला सबंध दिवस लागला. एकेक अक्षर उडवायचं, मग कानशीने घासायचं, मग बोटांनी चाचपायचं, पुन्हा घासायचं. तिच्या हयातीत आणि तिच्यानंतर आन्टोन हॉल्वेग हे नाव जगात एवढ्या एकाच ठिकाणी राहणार होतं, आणि ते ती स्वतःच पुसत होती. काय वाटलं असेल हो त्या बाईला! खाली उतरली तेव्हा एप्रन कांस्याच्या चुऱ्याने भरला होता. तो तिने झटकला नाही, तसाच गुंडाळून घरी नेला.

ते पाहून जजसाहेब म्हणाले, माझंही काढा. वर्तमानपत्रवाल्याने सुभाषितासकट मान तुकवली. राहिला एकटा व्हिटमोर. "तांबं माझं आहे," तो म्हणाला, "मी नाही काढू देणार." तांबं त्याचं होतं हे खरंच, त्याला कोण काय बोलणार?

ग्रेटाने त्याच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "मालक, उद्या दुपारी लीनाच्या दारात उभे राहा. मी वाजवते. ऐकू आली तर तुमचं नाव राहू दे."

हे त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी तो खालच्या आळीत उतरला. त्या आळीतली निम्मी माणसं त्याच्या गिरणीत कामाला, पण त्याचा पाय तिथे पहिल्यांदाच लागत होता म्हणे. लीनाने त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही, दारात कान देऊन उभा राहिला. वर मनोऱ्यावर दोर ओढणारी ग्रेटा त्याला दिसत होती. घंटा डावी-उजवी झुलताना दिसत होती. ऐकू मात्र घुमल्यासारखं काहीतरी येत होतं, तेही शेजारचं बाळ रडायचं थांबलं तेव्हा.

"वाजतेय का हो, मालक?" लीनाने विचारलं.

तो वळला, तर समोर तिच्या घराची भिंत. भिंतीवर गेल्या मार्चच्या पाण्याची काळी रेघ, त्याच्या डोक्याच्याही वर, आणि रेघेखाली तीन पोरं भाकरीचा तुकडा वाटून खात बसलेली. व्हिटमोरने टोपी घातली आणि टेकडी चढून वर आला. धापा टाकत ग्रेटाला म्हणाला, "काढ बाई. आजच्या आज काढ."

शेवटचं अक्षर निघालं आणि ग्रेटाने दोर ओढला. या वेळी काय आवाज फुटला म्हणता! खालच्या आळीत लीनाने चादर तर हलवलीच, पण शेजारणींनी हाताला लागेल ते, परकर म्हणू नका, टेबलावरचं कापड म्हणू नका, सगळं हलवलं.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल, बर्फ फुटला. सकाळची कामाची वेळ होती. वरून लाद्या सुटलेल्या दिसल्या, ग्रेटाने घंटा धरली ती सोडलीच नाही. खालची आळी पोरंबाळं, म्हातारीकोतारी, कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन टेकडी चढत होती. घरं गेली, गुरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

दुपारी सगळं गाव इथेच, या पठारावर उभं होतं. खाली पाणी घोंघावत होतं. घंटा वर नुसती लोंबत होती, कोरी करकरीत. तेव्हा सायलस व्हिटमोर पुढे आला. त्याने टोपी काढली आणि घसा फाटेल एवढ्या मोठ्याने ओरडला, "आन्टोन हॉल्वेग!"

मग कुठे ग्रेटाचा बांध फुटला. वर्षभर अडवून धरलेलं रडणं. हंबरडा फोडला तिने. लीनाने तिला धरून खाली बसवलं. पुष्कळ वेळ रडली, मग उठली, एप्रनने तोंड पुसलं आणि व्हिटमोरकडे बघून तिनेही हाक दिली, "सायलस व्हिटमोर!" मग कुणी जजचं नाव घेतलं, कुणी आदल्या साली बुडालेल्या आपल्या भावाचं, कुणी वाटेत म्हातारीला पाठीवर घेणाऱ्या शेजाऱ्याचं. संध्याकाळपर्यंत नावंच नावं चालली होती.

तिथून ही रीत पडली. नियम एकच: स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही, तुम्हाला ओळखणाऱ्याने घ्यायचं. कितीही मोठा माणूस असो, कुणी पुकारणारं नसेल तर त्या वर्षी तो नामवंत नाही! एकदा एका बड्या असामीने भाड्याने माणूस आणला होता म्हणे, पण त्या भाडोत्र्याला आयत्या वेळी नावच आठवेना. इथे दवाखाना चालवणाऱ्या आपल्या मराठी डॉक्टर सुलभा दिघे वारल्या, तर त्यांचं नाव इथला एक पोलिश बसड्रायव्हर दरवर्षी पुकारतो. 'सूलाबा डीगी' म्हणतो, पण काय तळमळीने म्हणतो! माझ्या अंगावर काटा येतो.

पण ग्रेटा म्हातारी झाली तेव्हा तिला एक घोर लागला. व्हिटमोर गेला होता, जज गेले होते, लीनाही आधीच गेली आणि तिची पोरं पोटापाण्यासाठी दूर पांगली. आन्टोनला ओळखणारी गावात आता ती एकटी. आपण डोळे मिटले की त्याला कोण पुकारणार? हेच नाव तिने हाताने पुसलं होतं, आता तोंडातूनही जाणार. तिने गावाला तसं बोलून दाखवलं. गाव म्हणालं, बाई, आम्ही आहोत की. ती म्हणाली, "तुम्हीही जाल. असं करा, गावात जो सगळ्यांत शेवटी आलेला असेल, त्याला हे नाव द्या. गावाला नवीन माणूस यायचं कधी थांबत नाही."

आजही तसंच चालतं. आजही मार्चच्या शेवटच्या रविवारी घंटेचा पहिला टोल पडला की सगळं गाव गप्प होतं, आणि पहिलं नाव तो माणूस पुकारतो जो गावात सगळ्यांत नवा आहे. आन्टोनबद्दल त्याला काही ठाऊक नसलं तरी चालतं, भाषा येत नसली तरी चालते, पाहुणा असला तरी चालतो. सोमालियाहून आलेल्या पोरीने पुकारलंय, बोटीवरच्या खलाशाने पुकारलंय.

आता कुमुदिनीबाई, अशा दचकून बघू नका. तुमच्या जावयांनी मला कालच फोनवर सांगितलं, तुम्ही गुरुवारी रात्रीच्या विमानाने आलात. मी गावात चौकशी केली, तुमच्यानंतर कुणी आलेलं नाही. रविवार उद्याच आहे. चला, माझ्यामागे म्हणा. आन्टोन हॉल्वेग. अहं, असं पुटपुटून नाही चालायचं. उभ्या राहा, नदीकडे तोंड करा आणि खड्या आवाजात म्हणा. खालच्या आळीपर्यंत गेलं पाहिजे.