उंबर त्याचे, ढोली तिची

फार मागे, सह्याद्रीच्या दाट रानात धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहत होतं. बरीच वर्षं संसार झाला, पण पुढे दोघांचं पटेना. शेवटी वेगळं व्हायचं ठरलं आणि वाटणीसाठी त्यांनी म्हाताऱ्या शेकरूला बोलावलं.

"उंबराची झाडं मी हेरली, ती माझी," धनेश म्हणाला. "ढोली घे तू."

"घेते. ती आतून मीच लिंपलीय," धनेशीण म्हणाली.

शेकरूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मान डोलावली. भांडण नाही, तंटा नाही. अशी सोपी वाटणी त्याने कधी केली नव्हती.

धनेश खुशीत होता. रानातला सगळा गोडवा आता त्याच्या एकट्याचा होता. उंबर पिकले तेव्हा तो पोटभर जेवला. मग तिला भरवायच्या इतक्या वर्षांच्या सवयीने त्याने गळा फळांनी भरून घेतला आणि उडाला तो थेट ढोलीपाशी आला.

धनेशिणीने आतून डोकं बाहेर काढलं.

"वाटणीतलं काही राहिलं का तुमचं?" तिने विचारलं.

आजवर तिने त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्याला पुष्कळ सांगायचं होतं, पण चोच उघडली असती तर फळं खाली पडली असती. थोडा वेळ वाट पाहून तिने डोकं आत घेतलं.

धनेश परत फिरला. वाटेत एका वाळक्या फांदीवर बसून त्याने ती सगळी फळं गिळली. भूक मुळीच नव्हती.