कारणाचा रकाना

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

“मग सुगंधा कशानं मेली, डाक्टर?”

सोनाक्कांनी विचारलं, तेव्हा अभिनंदन उपाध्ये मनातल्या मनात हसला. चाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई, आणि विचारते कुणाला?

“रक्तस्राव. बाळंत झाल्यावर रक्त थांबलं नाही.” त्याने कागद पुढे केला. “तुम्ही तिथे होता. खाली अंगठा द्या.”

आक्कांनी हात पदराखालीच ठेवला.

“रक्त माझ्याच हातावर हुतं. एवढंच लिवायला तू इतका शिकलास?”

सरकारी दवाखान्यात तो नवा होता, पण त्याचा एकही कागद अजून वरून परत आला नव्हता. त्याचे कान तापले.

“कारणाच्या रकान्यात याहून दुसरं काही बसत नाही.”

“नसंल बसत. मग तिच्या जावेचंबी आत्ताच लिवून ठेव. तिला आठवा लागलाय. तेच घर, तीच मानसं.”

अभिनंदनने पुढे केलेला कागद मागे घेतला.

“गाडी मिळाली नाही का?” त्याने विचारलं.

“दारात हुती. डायवर आत बसून.”

“रस्ता खराब?”

“पंधरा मिंटात तुझा दवाखाना.”

“मग तुम्हीच सांगायला उशीर...”

“रगत दिसलं तवाच म्हनले, हिला हलवा.”

“तरी तीन तास ती घरात कशी राहिली?”

आक्कांनी सूप ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले.

त्याने वाट पाहिली. म्हातारीचं वय झालं, असं त्याला वाटलं. तालुक्याला मीटिंग होती. कागद खिशात घालून तो उठला.

“येतो, आक्का.”

सूप हलत राहिलं.

“येतो मी.”

...

त्याने चपला घातल्या. एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत. मागून काहीच आवाज आला नाही. थोरल्या माणसानं ‘ये’ म्हटल्याशिवाय घरातून निघायचं नाही, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. सहा वर्षं हॉस्टेलात काढूनही ते गेलं नव्हतं.

“आक्का, मला उशीर होतोय.”

“मग जा की. धरलंय व्हय कुनी?”

“तुम्ही ‘ये’ म्हणाला नाहीत.”

सूप थांबलं.

“पयलं बाळंतपण, म्हनून माहेरी आलेली ती,” आक्का म्हणाल्या. “बापानं सासरी फोन लावला. सासू म्हनली, मालक गावाला गेल्यात, त्यांना इचारल्याबिगर मी कसं सांगू. बाप म्हनला, लोकाची सून, त्यांच्या शब्दाबिगर मी कशी हलवू.”

त्यांचा आवाज चढला नाही.

“गाडी दारात... आन आमी सगळी अशीच, तुझ्यागत हुबी. मीबी.”

अभिनंदनने बाहेरचा पाय आत घेतला. कागद काढून तो बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिला.

“इथे एखादाच शब्द मावतो, आक्का.”

“मग आधी तो शब्द घिऊन ये जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुगंधाच्या सासरी गेला. घर सुतकातून नुकतंच उठलं होतं. सासरे ओसरीवर होते, धाकटी सून, म्हणजे सुगंधाची जाऊ, दाराआड.

“मामा, हिला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि तुम्ही घरी नसलात, तर न्यावं का?”

“अजून म्हैना हाय की,” म्हातारा म्हणाला. “तवाचं तवा बघू.”

अभिनंदन जागचा हलला नाही. चहा आला, गार झाला. म्हाताऱ्याने दोनदा पान लावलं. दाराआडची बांगडी एकदा वाजली.

पुष्कळ वेळाने म्हातारा त्याच्याकडे न बघता म्हणाला,

“न्या.”