यंदाचं शांत घर

“...मग यंदा लोकांना नेमकं काय हवंय, ओळखा बघू आक्का?”

आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तूच सांग. बघून तू आलायस.”

वल्लभ कुलथे आदल्या दिवशीच मुंबईहून परतला होता. घरसजावटीचं मोठं प्रदर्शन होतं तिथे. त्याला व्यासपीठावर बसवलं होतं, दोन शब्द बोलायला लावले होते. नाशकात त्याने सजवलेल्या घराला लोक ‘कुलथ्यांचं घर’ म्हणत, मग आत राहणारा कुणी का असेना.

मनमाडच्या पुढे, माळावर एकट्या राहणाऱ्या आक्कांच्या या मठीत तो लहानपणी आईचं बोट धरून यायचा. आई गेली. आक्का होत्या, आणि त्याच्या प्रत्येक यशाचा पेढा आधी इथे यायचा.

“चकचकीत सगळं गेलं, आक्का. संगमरवर गेला, सोनेरी कडा गेल्या. यंदा मातीचा गिलावा. जाडंभरडं सुती कापड. वेत. बैठकीला कुठे टोक म्हणून नाही, सगळं गोल गोल. आणि रिकामी भिंत! बड्या बड्या कंपन्या रिकाम्या भिंती विकायला बसल्यात. नाव काय दिलंय माहितीये? शांत घर.”

“बरं.”

“नुसतं बरं काय? मी तिथे उभा होतो आणि एकदम चमकलो. अरे, ही तर आमच्या आक्कांची मठी! मातीची भिंत, चटई, कोनाड्यात दिवा... जगाला आत्ता सुचलंय ते तुमच्याकडे केव्हापासून आहे!”

आक्कांनी तांदळातला खडा उंबऱ्याबाहेर भिरकावला.

“पुढच्या प्रदर्शनात मी ही मठी उभी करणार. जशीच्या तशी. तुमचा आशीर्वाद हवा. आणि आज थोडे फोटो.”

“काढ की.”

वल्लभने कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला.

“तेवढं ते बँकेचं कॅलेंडर काढू का भिंतीवरचं?”

“काढ.”

कॅलेंडर निघालं. मग निळी प्लास्टिकची बादली खुपू लागली. मग गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली, मोबाइलच्या चार्जरची लोंबती वायर, दोरीवरचं लुगडं. आक्का स्वतःच एकेक वस्तू उचलून त्याच्या हातात देऊ लागल्या.

शेवटी त्याची नजर लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर गेली. गुडघे धरल्यापासून आक्का तिच्यावरच बसत.

“आक्का, ही...”

“ने ना.”

मठी मोकळी झाली. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा सारवलेल्या जमिनीवर उतरला. चटई, कोनाडा, दिवा. बस्स. वल्लभ हरखून गेला. अख्ख्या प्रदर्शनात त्याला असा उजेड दिसला नव्हता. त्याने गुडघ्यावर बसून, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर आडवं होऊन फोटो काढले.

“आक्का, या, बघा तरी कशी दिसतेय!”

त्याने वळून पाहिलं. आत कुणीच नव्हतं.

तो दारात आला. समोर लिंबाखाली आतलं सामान मांडून ठेवलं होतं. बादली, बाटली, वायर, लुगडं. आणि त्या पसाऱ्यात, लाल खुर्चीवर, राणी रंगाचा स्वेटर घालून आक्का बसल्या होत्या. मांडीवर कॅलेंडर.

“तुम्ही इथे कशाला बसलात?”

“तुझं काम चाललंय. म्हटलं, मध्ये नको यायला.”

वल्लभ हसला. पण ते हसू अर्ध्यावरच राहिलं. हे शब्द त्याने आधी ऐकले होते. अगदी असेच, जराही राग नसलेले.

आक्का कॅलेंडरची कड सरळ करत होत्या.

“तात्या कसे आहेत रे?” त्यांनी त्याच्या वडिलांचं विचारलं.

“बरे आहेत.”

“कुठे असतात?”

“...ताईकडे. चाळीसगावला.”

वल्लभ पायरीवर बसला. बोलायचं नव्हतं, तरी बोलू लागला.

“मी जा म्हटलं नव्हतं, आक्का. देवाशप्पथ. आमच्या घराचं काम झालं, मासिकवाले फोटोला येणार होते. तात्यांची लोखंडी खाट, तो खरखरणारा रेडिओ, पानाचा डबा... म्हटलं, दोन दिवस ताईकडे जाऊन या. फोटो होईपर्यंत. तर म्हणाले, बरोबर आहे, मध्ये नको यायला.”

“मग?”

“फोटो झाले. मी फोन केला, या आता म्हणून. म्हणाले, घर फार छान झालंय रे. आता मळवायला नको.”

लिंबाच्या चार-दोन पिवळ्या पानांनी बादलीत टप टप केलं.

“तू काय म्हणालास?”

“काही नाही.”

आक्का कॅलेंडरची गुंडाळी करू लागल्या.

“मला बरं वाटलं होतं, आक्का.” त्याने कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला. “त्या क्षणी मला बरं वाटलं.”

आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ. त्या नजरेत ठपका नव्हता, म्हणून ती अधिक सोसवेना.

वल्लभ उठला. कॅमेरा पिशवीत कोंबला आणि सामान आत न्यायला लागला. लुगडं दोरीवर टाकलं. वायर खिळ्याला अडकवली. बादली हातात घेऊन मधोमध उभा राहिला. दुसऱ्याच्या घरातला पडदा बोटभर तिरका असला तरी त्याला दारातून दिसे. पण ही बादली मघाशी कुठे होती, ते काही केल्या आठवेना.

“आक्का, बादली कुठे असते?”

“रात्री पाणी लागतं मला.”

तो थबकला. मग चटईच्या उशाशी, हात पोचेल अशी ठेवली. आक्का काठी टेकत आत आल्या, त्याने मागोमाग आणून ठेवलेल्या खुर्चीवर टेकल्या, तांदळाचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“आजच जातो चाळीसगावला,” वल्लभ म्हणाला. “तात्यांना घेऊनच येतो.”

“जा.”

“आणि त्यांच्यासाठी खोली करतो. अशी करतो, की बघत राहाल!”

त्याचा चेहरा उजळला. अंगणातून काडी आणून उंबऱ्यापाशी बसला आणि धुळीत रेघा ओढू लागला.

“ही पूर्वेची खिडकी. इथे त्यांची तीच खाट, तिला हात लावायचा नाही. रेडिओला फळी. पानाचा डबा हाताशी. भिंतीला धरायला लाकडी दांडी, थेट न्हाणीपर्यंत. दिवा डोळ्यांवर येणार नाही असा. आणि इथे, बागेकडे तोंड करून, एक आरामखुर्ची. दिवसभर बसले तरी पाठ अवघडणार नाही!”

त्याने काडी खाली ठेवली आणि वर पाहिलं.

आक्का वाकून चित्र पाहत होत्या. खिडकी पाहिली. खाट पाहिली. दांडीवरून त्यांची नजर न्हाणीपर्यंत जाऊन परत आली. आरामखुर्चीपाशी थांबली.

“छान आहे खोली,” त्या म्हणाल्या.

“मनापासून?”

“मनापासून. तात्या सुखात राहतील.”

आक्कांनी सुपातले तांदूळ हलकेच झटकले.

“...आणि तू कुठे बसणार?”