मडगार्डची अडतीस भोकं

"चेपलेलं मडगार्ड उतरवायचं, पण छिन्नी मारायची नाही, गॅस पेटवायचा नाही आणि माझ्या गाडीला एक भोकसुद्धा पाडायचं नाही! पडलं, तर तबेल्यातलं दुकान त्याच दिवशी खाली करायचं!"

खैरमाळचे राजेसाहेब गरजले आणि धोंडू पत्रेवाल्याची मुलगी सुगंधा त्या मडगार्डकडे बघू लागली. बाप अंथरुणाला खिळलेला. राजवाड्याच्या तबेल्यातलं ते दुकान गेलं तर खायचं काय? राजेसाहेबांचं राज्य जाऊन वीस वर्षं झाली होती, हट्ट तेवढा सरकारजमा व्हायचा राहिला होता. गाडी मागे घेताना त्यांनी ती आपल्याच पराक्रमी आजोबांच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर घातली होती. आजोबांचा हा पहिलाच विजय!

मडगार्ड आणि खालचा सांगाडा, दोन पत्रे एकावर एक ठेवून कारखान्यात वेल्डिंगच्या ठिपक्यांनी चिकटवलेले. ठिपके तोडल्याशिवाय मडगार्ड सुटणार कसं? शहरातले दोन मिस्त्री अटी ऐकून चहासुद्धा न घेता परतले होते. कारभारी बाबूराव मात्र खुशीत होते. त्यांना तबेला आपल्या म्हशींसाठी हवा होता.

सुगंधाने पदर खोचला. "सरकार, एक विचारू? हे मडगार्ड आता गाडीचं की भंगाराचं?"

"भंगाराचं! असलं थोबाड माझ्या गाडीचं म्हणायला लाज वाटते!"

"कारभारी, ऐकलंत ना?"

तिने मडगार्डच्या कडेला ओला चुना फासला आणि फडक्याने पुसला. ठिपक्यांच्या खळग्यांत चुना राहिला, अडतीस पांढऱ्या टिकल्या उमटल्या. मग तिने ड्रिलला एक चकती अडकवली. वरचा पत्रा कापला गेला की चकती टेकायची आणि ड्रिल पुढे जायचंच नाही.

दुपारी कारभारी धापा टाकत राजेसाहेबांकडे पोचले. "सरकार, घात झाला! पोरीने गाडीची चाळणी केली!"

राजेसाहेब तणतणत आले. "अडतीस भोकं? कर दुकान खाली!"

"करते की! आधी भंगार तेवढं बाजूला ठेवू द्या." सुगंधाने मडगार्ड अलगद उचललं आणि कारभाऱ्यांच्या हातात दिलं. "भोकं सगळी यांच्याकडे गेली. आता गाडीची मोजा, सरकार!"

राजेसाहेब वाकले. सांगाड्यावर अडतीस चकचकीत ठिपके होते, आरपार एकही नाही. त्यांनी बोट फिरवून पुन्हा मोजलं आणि गडगडाटी हसले.

"तबेला तुझ्या बापाच्या नावावर! कारभारी, ते भंगार डोक्यावर घ्या आणि पोचवा बाजारात. आणि तो पुतळाही हलवा, मेला सारखा आडवा येतो!"

सुगंधा घाईघाईने पुढे झाली. "नको, नको, सरकार! आजोबासाहेब तिथंच बरे आहेत. दुकान दिलंत, आता गिऱ्हाईक तोडू नका!"

राजेसाहेब इतके हसले की फेटा सुटला. तबेल्याचा कागद झाला, पुतळा जागेवर राहिला, आणि दिवाळीच्या आत गाडी पुन्हा सुगंधाच्या दारात आली. या वेळी पुढून चेपलेली!